मोटारसायकल अपघातातील मृत्यू : वारसांचा दावा आणि पहिले सहा महिने

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील कळवा आता महानगराचा भाग झाले असले, तरी तीन वाटा एकत्र येण्याचे ठिकाण हे त्याचे जुने रूप पालटलेले नाही. पश्चिमेस खाडीपूल ओलांडला की ठाणे शहर लागते. दक्षिणेस विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून दिघा, ऐरोली व रबाळे येथील औद्योगिक पट्ट्याकडे बेलापूर रस्ता जातो. खारेगाव आणि मुंब्रा या बाजूंनी नाशिक व पुण्याकडील अवजड वाहतूक वाहते. जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले कंटेनर मुंब्रा बाह्यवळण रस्त्याने भिवंडी, नाशिक व गुजरातची वाट धरतात. खाडीवरील नवा पूल २०२२ मध्ये खुला झाल्याने कोंडी काहीशी सैल झाली. तथापि, सकाळची पाळी गाठण्यासाठी निघालेला कामगार आजही याच अवजड वाहनांमधून आपली मोटारसायकल काढीत असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. त्या एका वर्षात महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. दुचाकीवर मरणारा माणूस बहुधा घरातील कमावता, तरणाताठा असतो. त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला कायद्याने जो हक्क दिला आहे, तो पुष्कळदा हातून निसटतो किंवा निम्म्यावर येतो. याचे कारण कायदा अपुरा आहे हे नव्हे. दाव्याचे भवितव्य ज्या कागदांवर ठरते ते कागद पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतात, आणि नेमक्या त्याच काळात घर सुतकात असते.

एक नेहमीची परिस्थिती पाहू. कळव्यात राहणारा माणूस विटावा ओलांडून दिघ्याच्या पुढे अपघातात सापडतो. घर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, तर अपघाताची जागा नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत. उपचार तिसऱ्याच ठिकाणी होतात आणि शवविच्छेदन कोठे झाले हे घरच्यांना नीट आठवतही नाही. गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदला गेला, त्याचा क्रमांक काय, धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक पंचनाम्यात आला आहे की नाही, याची विचारपूस तेराव्यानंतर सुरू होते. तोवर जागेवरील खुणा पुसल्या गेलेल्या असतात आणि प्रत्यक्ष पाहणारा माणूस आपल्या कामाला लागलेला असतो. दावा मात्र कोठे दाखल करावा याबाबत कायद्याने कुटुंबाची सोय पाहिली आहे. अपघाताच्या जागी, अर्जदाराच्या राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी, यांपैकी कोणत्याही हद्दीतील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कळव्याच्या कुटुंबातील कर्ता माणूस सोलापूर रस्त्यावर दगावला, तरी विधवेला सोलापूरला खेटे घालण्याचे कारण नाही. ठाण्याच्या न्यायाधिकरणात दावा चालू शकतो.

हक्काचा इतिहास

मृत्यूबद्दल भरपाई मागता येते ही कल्पना आज स्वाभाविक वाटते, पण ती फार जुनी नाही. माणूस गेला की त्याला झालेल्या इजेबद्दलचा दावाही त्याच्याबरोबर गेला, असा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक होता. इंग्लंडमध्ये १८४६ मध्ये तो मोडण्यात आला आणि हिंदुस्थानात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने पत्नी, पती, आईवडील व मुले यांना भरपाईचा हक्क दिला. बोरीबंदरहून निघालेली आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यास पोहोचली होती आणि १८५४ मध्ये लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला होता. म्हणजे कळव्याच्या शिवारातून इंजिन धावू लागल्यानंतर वर्षभराने हा कायदा आला. यंत्राचा वेग आधी येतो आणि त्याची जबाबदारी ठरविणारा कायदा मागाहून, हा क्रम पुढेही कायम राहिला.

मोटार वाहन अधिनियम १९३९ चा. त्याखालील दावे प्रथम दिवाणी न्यायालयांतच चालत आणि वर्षानुवर्षे रेंगाळत. १९५६ च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद झाली. तरीही वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावरच राहिले. मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हे तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले. रात्रीच्या वेळी निर्जन रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या विधवेने साक्षीदार आणावा कोठून, हा प्रश्न त्यानंतर अधिकच तीव्र झाला. अखेर १९८२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, दोष कोणाचा हे न पाहता मृत्यूबद्दल १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली.

या तरतुदीचा कस महाराष्ट्रातच लागला. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगलोर महामार्गावर सातारा जिल्ह्यातील कवठे गावानजीक पेट्रोलचा टँकर मालट्रकशी टक्कर होऊन कलंडला. गळणारे पेट्रोल घेण्यासाठी आसपासचे लोक जमले आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट होऊन ४६ जण मरण पावले. टँकर चार तास निश्चल पडला होता, तेव्हा हा ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ झालेला मृत्यू नव्हे, असा बचाव घेण्यात आला. न्यायाधिकरणाने एका विधवेचा अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधवेच्या बाजूने कौल दिला. पंधरा हजारांसाठी तिला दिल्लीपर्यंत जावे लागले, ही बाब मात्र निकालाच्या समाधानात विसरली जाऊ नये.

आजचे दोन मार्ग

सध्या १९८८ चा अधिनियम लागू असून त्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीतील भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आल्या आहेत. त्यानुसार वारसांपुढे दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळतात. कलम १६६ खाली समोरच्या वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण भरपाईस अशी ठरावीक मर्यादा नाही. दोहोंपैकी एकच वाट धरता येते. तरुण व कमावता माणूस गेला असेल आणि चूक समोरच्याची असेल, तर पाच लाखांवर समाधान मानणे हे बहुधा कुटुंबाचे नुकसानच ठरते. मृत व्यक्ती कामावर असताना अपघात झाला असल्यास कामगारांच्या भरपाईचा मार्गही खुला असतो; तेथेही एकाच ठिकाणी दावा करावयाचा असतो. घरोघर माल पोहोचविणाऱ्या तरुणांच्या बाबतीत ही निवड वकिलाच्या सल्ल्यानेच करावी.

फौजदारी खटला वेगळा आणि हा दावा वेगळा, हे वारंवार सांगावे लागते. निष्काळजीपणे मृत्यू घडवून आणल्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली आहे. त्या खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप कोसळत नाही. न्यायाधिकरणाला संशयातीत पुरावा लागत नाही. घटना अशी घडली असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दिसले की पुरते.

रक्कम ठरते कशी

भरपाई म्हणजे न्यायाधीशांच्या दयेने ठरणारा आकडा, असा समज खेड्यापाड्यांतच नव्हे तर कचेऱ्यांतही आढळतो. वस्तुतः तिचा हिशेब शाळेतील गणितासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात आणि २०१७ मध्ये घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात तो बांधून दिला आहे. मृत व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न घ्यावयाचे. त्यात भावी वाढ मिळवावयाची : कायम नोकरी असल्यास चाळिशीच्या आत ५० टक्के, तर स्वतःचा धंदा किंवा ठरीव पगार असल्यास ४० टक्के. त्यातून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा वाटा वजा करावयाचा. अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर तृतीयांश, चार ते सहा असतील तर चतुर्थांश, अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मा. उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. हा गुणक पंचविशीपर्यंत १८ असतो, ३१ ते ३५ वयाला १६, ४१ ते ४५ ला १४ आणि पुढे उतरत जातो. यावर पत्नी, मुले व आईवडील यांच्या सहवासहानीची, मालमत्तेच्या हानीची व अंत्यविधीच्या खर्चाची ठरीव रक्कम मिळते. २०१७ मध्ये ती अनुक्रमे ४०,०००, १५,००० व १५,००० रुपये होती आणि दर तीन वर्षांनी तीत १० टक्के वाढ होते.

आता समजा, दिघ्याच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणारा ३२ वर्षांचा कामगार मोटारसायकलवरून घरी परतताना मालट्रकच्या धडकेने मरण पावला. मागे पत्नी, दोन मुले व आई आहे. पगार महिना १८,००० रुपये. वर्षाचे २,१६,००० झाले. त्यात ४० टक्के वाढ धरली की ३,०२,४००. चतुर्थांश वजा जाता २,२६,८००. त्यास १६ ने गुणले की ३६,२८,८०० रुपये. हाच पगार रोखीने मिळत होता, पावती नाही, बँकेत नोंद नाही, ठेकेदार ओळख दाखवायला तयार नाही आणि न्यायाधिकरणाला अंदाजाने महिना १०,००० रुपयेच धरावे लागले, असे मानू. मग तोच हिशेब २०,१६,००० रुपयांवर येतो. म्हणजे पगाराच्या एका कागदाअभावी कुटुंबाचे १६,१२,८०० रुपये बुडाले. इतक्या मोलाचा कागद त्या घरात दुसरा नसेल, आणि तो मिळविण्याची वेळ मात्र पहिल्या महिन्यातच असते. ठेकेदार बदलतो, हजेरीपट गहाळ होतात, सोबतचे कामगार गावी निघून जातात. बँकेचे उतारे, भविष्य निर्वाह निधीची नोंद, कारखान्याचे ओळखपत्र, कर्जाच्या अर्जावर लिहिलेले उत्पन्न, यांतील जे हाती येईल ते जपून ठेवावे.

वयाच्या दाखल्याचे मोलही तितकेच. वरील कामगार ३९ वर्षांचा असता तर गुणक १५ आणि वाढ ४० टक्के, म्हणजे ३४,०२,००० रुपये. तोच कागदोपत्री ४१ वर्षांचा ठरला, तर गुणक १४ व वाढ २५ टक्के होऊन रक्कम २८,३५,००० रुपयांवर उतरते. दोन वर्षांच्या चुकीची किंमत ५,६७,००० रुपये. आपल्याकडे जन्मतारखांचा गोंधळ काही नवा नाही; शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि पुढे तीच खरी झाली, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. मोटारसायकल अपघातातील मृत्यूच्या अशाच एका प्रकरणात आधार कार्डावरील वय आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील वय वेगवेगळे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे असे सांगून शाळेचा दाखला ग्राह्य मानला आणि १३ ऐवजी १४ हा गुणक लावला. जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे माळ्यावर टाकणाऱ्या मुख्याध्यापकांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा.

घर सांभाळणारी स्त्री गेली तर उत्पन्न शून्य, असाही एक गैरसमज आहे. २०१४ मध्ये दिल्लीत मोटारसायकलवरून जाणारे पती-पत्नी मोटारीच्या धडकेने मरण पावले. मागे अगदी लहान दोन मुली राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मूल्य धरून, त्यात भावी वाढही मिळवून, उच्च न्यायालयाने दिलेली २२ लाखांची रक्कम ३३ लाख २० हजारांपर्यंत वाढविली. स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची शुश्रूषा या कामांना न्यायालयाने आकडा दिला.

दुचाकीच्या बाबतीतील अडचणी

कायदेशीर खाचखळगे दुचाकीच्या वाट्यालाच अधिक येतात. विमा उतरविलेला आहे म्हणजे गाडीवरचे सर्व सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्षाचा विमा आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या हानीसाठी असतो. आपल्याच गाडीच्या मागे बसलेला माणूस या ‘त्रयस्थ’ शब्दात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एका स्कूटरच्या प्रकरणात २००६ मध्ये ठरविले. नवऱ्याच्या गाडीवरून पडून पत्नी मरण पावली आणि पॉलिसी केवळ त्रयस्थ पक्षाची असेल, तर विमा कंपनी हात वर करू शकते. सर्वंकष पॉलिसीत मागे बसणाऱ्याचे संरक्षण असते. हप्त्यातील थोडक्या बचतीचा हा अर्थ विमा घेताना क्वचितच कोणी समजावून सांगतो.

स्वतःच्या चुकीने घसरून मेलेल्या मालकाच्या वारसांना त्याच्या त्रयस्थ पक्ष विम्यातून भरपाई नाही. त्यांच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो आणि त्याची किमान रक्कम २०१८ पासून १५ लाख रुपये करण्यात आली आहे. त्यासाठी मालकाकडे वैध परवाना हवा. मागून आणलेल्या गाडीचा प्रश्न आणखी बिकट आहे. इलकलहून आपल्या गावी उसनी मोटारसायकल घेऊन निघालेला एक गृहस्थ पुढे अचानक थांबलेल्या बैलगाडीवर आदळून मरण पावला. गाडी उसनी घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून दोष न पाहता मिळणारी त्या वेळची भरपाई मालकाच्या विम्यातून त्याच्या वारसांना मागता येणार नाही, असे २००९ मध्ये ठरले. आपल्याकडे लग्नसराईत गाड्या किती सहजपणे हातोहात फिरतात, हे पाहिले म्हणजे या निर्णयाची व्याप्ती कळते.

उलटपक्षी, काही बचाव वाटतात तितके पक्के नसतात. एका मोटारसायकलवर तिघे होते म्हणून मृताचाही दोष, असे सरसकट म्हणता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. शिरस्त्राण नसल्याचा मुद्दाही दाव्यात निघतो. २०२२ मध्ये शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार व त्यांच्या मागे बसलेले मरण पावले, हा आकडा पाहता तो अगदीच निराधार नाही. धडक देणाऱ्याकडे परवाना नसेल, तर विमा कंपनीने आधी वारसांना रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश पुष्कळदा होतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पित्यावर ही वसुली कोसळते.

पोलिसांचे कागद आणि मुदत

२०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांवर मोठी जबाबदारी टाकली आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जावयाचा असतो. वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना दहा दिवसांत मिळाला पाहिजे. पोलिसांचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज म्हणून धरण्याची तरतूदही कायद्यात आहे. या अहवालांच्या प्रती मागून घेणे व त्यांतील नाव, वय, व्यवसाय, वाहनाचा क्रमांक आणि विम्याचा तपशील वाचून पाहणे हे काम नातलगांनी, आणि त्यांना जमत नसेल तर ग्रामपंचायत सदस्याने किंवा शिक्षकाने, करण्यासारखे आहे. पंचनाम्यात ‘मजूर’ असे लिहिले गेले आणि माणूस कुशल वेल्डर होता, तर चूक तेव्हाच लेखी कळविलेली बरी.

अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. मुदतीची अट १९९४ मध्ये काढून टाकण्यात आली होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आली. तिच्या वैधतेला आव्हान देण्यात आले असून, मुदत टळली एवढ्याच कारणाने दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि, अंतरिम आदेशाच्या भरवशावर वर्ष घालविणे शहाणपणाचे नव्हे.

वकिलाचा खर्च हे विलंबाचे नेहमीचे कारण सांगितले जाते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. हे ठाऊक नसल्याने रुग्णालयाच्या दारात भेटलेल्या मध्यस्थाच्या कोऱ्या कागदावर विधवा सही करते आणि रकमेतील मोठा वाटा लिहून देऊन बसते. लोकअदालतीत तडजोड लवकर होते खरी, पण तिच्यावर अपील नाही. म्हणून समोर ठेवलेला आकडा वरील हिशेबाशी ताडून पाहिल्यावाचून मान्य करू नये.

वाहन सापडलेच नाही तर

मुंब्रा बाह्यवळणासारख्या रस्त्यावर रात्री धडक देऊन निघून गेलेल्या वाहनाचा तपास लागत नाही, असे घडते. अशा मृत्यूबद्दल १ एप्रिल २०२२ पासून २ लाख रुपये देण्याची योजना आहे. त्यापूर्वी ही रक्कम २५,००० रुपये होती. या योजनेचा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर महसूल खात्याकडे करावयाचा असतो. चौकशी प्रांताधिकारी किंवा तहसीलदार करतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी वारसांना लेखी द्यावयाची आहे. एवढे असूनही येणारे अर्ज अपघातांच्या मानाने अत्यल्प असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये नमूद केले. पुढे वाहन सापडले आणि रीतसर भरपाई मिळाली, तर हे दोन लाख त्यातून परत करावे लागतात.

निकाल लागल्यावर सगळी रक्कम एकदम हाती येत नाही, याबद्दल कुटुंबे पुष्कळदा नाराज असतात. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, निरक्षर विधवेची रक्कमही विचारपूर्वक गुंतवावी, अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच केली आहे. दीर, मेहुणे व सावकार यांच्यापासून त्या पैशाचे रक्षण व्हावे, हा तिच्यामागील हेतू. मध्येच मुलांच्या शिक्षणासाठी पैसे हवे असल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यासोबत शाळेचे किंवा महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि शुल्काचा तपशील जोडावा लागतो, आणि प्रवेशाची तारीख उलटून जाण्यापूर्वी तो मिळावा एवढीच त्या विधवेची मुख्याध्यापकांकडे विनंती असते.